'डावा तीर' म्हणजे नेमका कोणता?

भाषांतरवाला: प्राणहितेच्या पुरावरचा अहवाल मराठीत करतोय. 'डाव्या तीरावरची गावे' लिहिलं, तर संपादकांनी नकाशा पाहून ती तेलंगणातली ठरवली. नदी दक्षिणेला वाहते, नकाशात डाव्या हाताला तेलंगणच दिसतं. 'पूर्वकाठ' लिहू का?

नदीखोरे: नको. पाणी जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला येईल तो डावा तीर. नकाशा पाहणाऱ्याच्या हाताचा इथे संबंध नाही. चपराळ्याजवळ वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तिथपासून डावीकडे गडचिरोली, उजवीकडे तेलंगण. 'पूर्वकाठ' कालेश्वरपर्यंतच टिकेल. तिथे ती गोदावरीला मिळते, प्रवाह आग्नेयेकडे वळतो आणि दिशा बदलते. डावा तीर मात्र डावाच राहतो. पुढे गोदावरीवरच्या मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्याचं डावं टोकही गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातच आहे.

हद्दनिशाणी: पण 'डावा म्हणजे महाराष्ट्र' असं पाठ करू नका. याच तालुक्याच्या पूर्वेला इंद्रावती आहे. तिथे महाराष्ट्र उजव्या तीरावर, छत्तीसगड डाव्या. दोन्ही नद्यांची गावं एकाच यादीत असतील तर नदीचं नाव प्रत्येक ओळीत हवं, नाहीतर मदत भलत्याच राज्यात जाईल.

शुद्धमती: डावा-उजवा ही इंजिनिअरांची भाषा. आपल्याकडे ऐलतीर-पैलतीर असताना ते कशाला?

नदीखोरे: ऐल-पैल बोलणाऱ्याबरोबर फिरतं. सिरोंच्यातून कालेश्वर पैल, कालेश्वरातून सिरोंचा पैल. अहवालात ते कसं चालेल? आणि डावा-उजवा गावातही रुळलाय. पैठणचा डावा कालवा जालना-परभणीकडे जातो, उजवा बीडकडे. पाण्याची पाळी कुठल्या कालव्याला सुटली, हे शेतकरी याच शब्दांत विचारतो.

शुद्धमती: मग निदान 'थडी' तरी वापरा. डावी थडी, उजवी थडी. शब्द 'तट'वरून आला असावा.

हद्दनिशाणी: थडी म्हणजे नुसती कड नव्हे. गंगथडी, भीमथडी म्हणताना नदीलगतचा अख्खा पट्टा येतो, मळईच्या जमिनीसकट. पाणी कुठवर चढलं ते सांगायला काठच बरा.

शुद्धमती: पण 'पैलथडीला गेला' म्हणतो तेव्हा पट्टा कुठे असतो? तिथे पलीकडची कडच.

भाषांतरवाला: संपादकांना काय कळवू?

हद्दनिशाणी: 'पैलथडी'तही पलीकडचा मुलूखच येतो. माणूस कडेवर थांबत नाही, गावात जातो.