देवपुत्र, अर्धदेव, देवांश… नेमकं काय म्हणायचं?

शब्द हवा आहे, आणि जरा घाईनं हवा आहे.

बहिणीचा मुलगा, वय वर्षं अकरा, यंदा शाळेसाठी माझ्याकडे राहतोय. त्याला वाचन जड जातं. ओळीखाली पट्टी धरतो, तरी ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. गोष्टींची भूक मात्र भारी. त्याच्या वाढदिवसाला कुणीतरी रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सनची इंग्रजी पुस्तकं दिली. २००५ ते २००९ या काळात आलेले पाच भाग. त्यातल्या पोरालाही अक्षरं तरंगताना दिसतात. गोष्टीत त्याचं कारण असं दिलंय की त्याचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचण्यासाठीच घडलेला आहे. रायर्डन यांच्या स्वतःच्या मुलाला वाचनाची हीच अडचण होती. त्याला झोपताना सांगितलेल्या गोष्टीचं पुढे पुस्तक झालं. हे ऐकल्यावर भाच्यानं पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “मावशी, तू सांग. मराठीत सांग.” तेव्हापासून रोज रात्री नऊला मी एक एक पान मनात वाचते आणि मराठीत सांगते.

अडलं ते पहिल्याच रात्री. आई माणूस, बाप समुद्राचा देव. अशा पोराला म्हणायचं काय?

‘अर्धदेव’ म्हणून पाहिलं. त्याला आजीच्या घरची अर्धनारीश्वराची तसबीर आठवली. “अर्धा म्हणजे उभा अर्धा का?” शिवाय ‘अर्धवट’ची सावली त्या शब्दावर पडतेच. ‘देवपुत्र’ मुलग्यांना चालेल, पण गोष्टीत अथेनाची मुलगी आहे, हुशार, सुरा घेऊन लढणारी. तिला ‘देवकन्या’ म्हटलं की डोळ्यांपुढे कमळावर बसलेली, दागिन्यांनी मढलेली बाई येते. आणि मराठी ख्रिस्ती घरांत ‘देवाचा पुत्र’ एकच. ‘देवमाणूस’ हा शब्द अक्षरशः घेतला तर अगदी बरोबर बसतो, पण देवमाणूस म्हणजे अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारा, मग त्याचे आईबाप कोणीही असोत. तो अर्थ मला मोडायचा नाही.

सुचवा काहीतरी.

* * *

ताई, मूळ ग्रीक शब्दापासून सुरुवात करू. तो आहे ‘हेमिथिऑस’. हेसिऑड या जुन्या कवीनं ट्रॉय आणि थीब्जच्या लढायांत पडलेल्या वीरांच्या पिढीला हेच नाव दिलंय. त्यातला ‘हेमि’ म्हणजे अर्धा. तो आपल्या घरातलाच आहे. संस्कृतात ‘सामि’ म्हणजे अर्धा, लॅटिनमध्ये ‘सेमि’. शब्दाच्या आरंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो, जसं आपलं ‘सप्त’ तिकडे ‘हेप्टा’. गंमत पुढच्या भागात आहे, ‘थिऑस’ म्हणजे देव. ‘थिऑस’ आणि ‘देव’ ऐकायला किती सारखे, पण त्यांचं नातं मुळीच नाही. आपल्या ‘देव’चा आणि ‘द्यौः’चा (म्हणजे आकाशाचा) खरा भाऊबंद तिकडचा देवांचा राजा ‘झ्यूस’.

‘उपदेव’ कुणी सुचवण्याआधीच सांगतो, तो नको. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘देवयोनी’ म्हणून दहा नावं एका श्लोकात दिली आहेत: विद्याधर, अप्सरा, यक्ष, रक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध, भूत. उपदेव म्हणजे ही मंडळी. यांच्या वेगळ्या जाती आहेत. यात माणसाच्या पोटी जन्मलेलं कुणी नाही.

आता खरा प्रश्न असा की पांडव आणि कर्ण सगळेच देवांपासून झालेले असूनही आपल्याकडे या सगळ्यांना मिळून एक शब्द का नाही? मला वाटतं, आपली भाषा ‘कोणत्या प्रकारचा’ असं विचारतच नाही, ती ‘कुणाचा’ असं विचारते. सूर्यपुत्र, पवनपुत्र, कौंतेय, राधेय. कर्णाचं दुःख एका शब्दात सांगायचं तर ‘राधेय’ पुरतो, त्याला ‘अर्धदेव’ म्हणून काही कळत नाही. एकत्र नाव द्यायचंच असेल तर महाभारताच्या आदिपर्वात ‘अंशावतरण’ (देव अंशानं जन्म घेतात तो भाग) आहे, तिथून ‘देवांश’ घेता येईल. स्त्रीसाठी ‘देवांशी’. छापील पुस्तकासाठी मी हाच निवडेन.

जाता जाता: गोष्टीत सोन्याचे ‘ड्राख्मा’ येतात ना? त्याला ‘दाम’ म्हणा, बिनधास्त. ग्रीक ‘ड्राख्मे’, त्याचं संस्कृतात ‘द्रम्म’, शिलाहार-यादवांच्या लेखांत हाच ‘द्रम्म’ भेटतो, आणि त्याचाच ‘दाम’. दामदुप्पट आणि छदाम म्हणताना आपण ग्रीक नाणंच मोजत असतो.

* * *

मूळ इंग्रजीत त्या मुलांना ‘अर्ध्या रक्ताची’ असंही म्हटलंय. त्याला आपल्याकडे रांगडा शब्द आहे की, अकरमाशी. तो का नको?

* * *

नको, दादा. तुम्ही सहज विचारलंत हे कळतंय, पण हा शब्द मी घरात आणणार नाही, आणि का ते नीट सांगते.

बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे भरले तर सोनं एक मासा उणं. माणसाला अकरमाशी म्हणायचं म्हणजे त्याच्या जन्मालाच तराजूत घालायचं आणि कमी भरलं म्हणून सांगायचं. हा शब्द कुणाला म्हटला गेला, कुणाच्या आईला ऐकवला गेला, हे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’ हेच नाव देऊन १९८४ साली आत्मकथनात लिहिलंय. ग्रीक ‘हेमिथिऑस’ हा मानाचा शब्द आहे. तो अर्ध्या भागात देव आहे असं सांगतो, अर्धा भाग उणा आहे असं सांगत नाही. ‘अर्धरक्त’, ‘संकर’ हेही याच कारणासाठी सोडले. ज्या पोराला वर्गात रोज ‘कमी पडतोस’ असं ऐकावं लागतं, त्याच्या आवडत्या पात्राला मी उणेपणाचं नाव देऊ शकत नाही.

* * *

मी मूळची वेंगुर्ल्याची. तुमच्या शब्दाला माझ्याकडे उत्तर नाही, पण त्या पुस्तकांतल्या बाकीच्या शब्दांना आहे, कारण माझ्या मुलींना मी हीच पुस्तकं मालवणीत सांगितली आहेत.

‘ओरॅकल’ला, म्हणजे देवाला विचारून मिळालेल्या उत्तराला, शब्दकोशातली ‘देववाणी’ घेऊ नका, ती संस्कृत भाषा झाली. ‘आकाशवाणी’ म्हटलं की रेडिओ. त्याला कौल म्हणा. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी लहानपणी आजीच्या पदराला धरून ती पाकळी सुटताना पाहिली आहे. आधी तिची कड सुकते, मग ती किंचित वळते आणि सगळ्या देवळात एकदम ‘हां’ होतं. ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात जाणारा माणूस याच ओढीनं जात असणार. शब्द मूळ अरबी, ‘कौल’ म्हणजे दिलेलं वचन. आता निवडणुकीतही ‘जनतेचा कौल’ म्हणतात, तरी त्यातला देव गेलेला नाही.

फरक एवढाच की डेल्फीची पुजारीण, पायथिया, बोलायची. अपोलोच्या देवळात तिवईवर बसायची आणि तिच्या तोंडून देव उत्तर द्यायचा. म्हणजे कौल विचारायचा आणि तिच्या अंगात यायचं. गोष्टीत ती माळ्यावर ठेवलेली सुकलेली बाई आहे, तोंडातून हिरवा धूर येतो. माझ्या धाकटीला ‘अंगात आलं’ म्हटल्याबरोबर सगळं समजलं, एक शब्द समजावून द्यावा लागला नाही.

‘नायाड’ म्हणजे पाण्यातली परी. तिला ‘अप्सरा’ म्हणू नका, अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचते. विहिरीच्या काठावर, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात ना, त्या साती आसरा. शब्द अप्सरेवरूनच आलाय, पण त्या अजून पाण्यातच राहतात. डोहात एकट्यानं उतरू नये, आसरा ओढून नेतात, हे प्रत्येक आजीनं सांगितलेलं असतं. ग्रीक हायलस पाणी भरायला गेला आणि झऱ्यातल्या परींनी त्याला ओढून नेला, ती गोष्ट आमच्या तळीवरची म्हणून कुणालाही सांगा, पटेल.

* * *

वरच्या ताईंना जोडून. मी कोल्हापूरकडचा. कौल ठीक, पण त्या पुस्तकात जी लांबलचक ओवीसारखी भविष्यं येतात त्यांना भाकणूक म्हणा. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत फरांडेबाबा भाकणूक करतात. पाऊस, पीक, राजकारण, सगळं त्यात येतं. थोडक्यात, तुटक बोलणं असतं. अर्थ ज्यानं त्यानं लावायचा. क्रोएसस राजानं पर्शियावर चाल करू का असं विचारलं, तेव्हा डेल्फीहून उत्तर आलं की एक मोठं राज्य बुडेल. तो खूश होऊन निघाला आणि बुडालं त्याचंच. भाकणूक अशीच ऐकायची असते.

आणखी एक. ‘हीरो’ला नायक म्हणू नका, वीर म्हणा. वीरगळ गावोगाव आहेत, देवघरात वीराचा टाक असतो, नाशकात धुळवडीला दाजिबा वीराची मिरवणूक निघते. लढून मेलेल्या माणसाला पुजायचं ही ग्रीकांचीही रीत होती, ते वीरांच्या थडग्यावर नैवेद्य आणि बळी द्यायचे. ‘नायक’ सिनेमात असतो. वीर मेल्यावरही गावात असतो.

* * *

मी आकाश बघणारा माणूस आहे, पुराणांचा अभ्यास नाही. पण चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. ग्रीक पुराणाचं मराठीकरण आपल्या तारकानकाशांवर आधीच झालेलं आहे.

डिसेंबरात संध्याकाळी उत्तरेला तोंड करून उभे राहा. इंग्रजी ‘एम’सारखी दिसते ती कॅसिओपिया, आपली शर्मिष्ठा. तिच्या एका बाजूला सिफियस, तो वृषपर्वा. डोक्यावरची अँड्रोमेडा, ती देवयानी. आणि पर्सियस, ज्याच्यावरून तुमच्या भाच्याच्या पर्सीचं नाव आलं, तो आपल्याकडे ययाती. एक अख्खं ग्रीक कुटुंब काढून तिथे महाभारतातलं कुटुंब बसवलंय.

मला हे लहानपणापासून आवडायचं. पुढे मूळ गोष्ट वाचली आणि खटकायला लागलं. ग्रीक गोष्टीत कॅसिओपिया ही अँड्रोमेडाची आई. मुलीच्या रूपाचा तिनं गर्व केला, म्हणून समुद्राचा देव पोसायडन यानं सागरी राक्षस धाडला. पर्सियसनं त्याला मारून मुलीला सोडवलं. तो राक्षसही आकाशात आहे, आपला तिमिंगल. मराठी नकाशात मात्र आईची जागा सवतीनं घेतली आणि मुलीला सोडवणारा वीर झाला पोराचं तारुण्य मागून घेणारा राजा. मग तिमिंगल तिथे कशासाठी पोहतोय, याचं उत्तर कुणाकडेच उरत नाही. म्हणून माझं मत आहे की नावं बदलू नका. पर्सियस पर्सियसच राहू दे, झ्यूसला इंद्र करू नका, हेडीसला यम करू नका. कौल, आसरा, वीर, भाकणूक हे सगळे शब्द मात्र घ्या, ते कामाचं नाव सांगतात, कुणा एकाचं नसतात.

एक शब्द आमच्याकडचाही देतो. ‘सेंटॉर’ म्हणजे कमरेपर्यंत माणूस, खाली घोडा. कुणी ‘किन्नर’ म्हणतात, पण अमरकोशातला किन्नर ‘तुरंगवदन’, म्हणजे घोड्याच्या तोंडाचा माणूस, बरोब्बर उलटा. आणि आज तो शब्द एका जित्याजागत्या समाजाचं नाव आहे. आमच्या नकाशात त्या तारकासमूहाला नरतुरंग म्हणतात. मे महिन्यात रात्री दक्षिणेला क्षितिजालगत दिसतो, त्यातला ठळक तारा मित्र. भाच्याला गच्चीवर नेऊन दाखवा.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काय झालं ते सांगते.

‘देवांश’ त्याला सांगून पाहिला. “आमच्या वर्गात दोन देवांश आहेत,” म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. काका, शब्द तुमचा सुंदरच आहे, छापायची वेळ आली तर तोच घेईन.

मग आम्ही त्या प्रसंगापाशी आलो, जिथे पर्सी ओढ्यात उभा आहे, जखमा पाण्यानं भरून येतात आणि डोक्यावर हिरवा त्रिशूळ चमकतो. बापानं पोराला ओळख दिली. इंग्रजीत तिथे जो शब्द आहे त्याला ‘हक्क सांगितला’ म्हणावं तर ती जमिनीची भाषा होते. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “पोसायडननं त्याला आपला म्हटलं.” भाचा बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, “आणि ज्यांना कुणी आपलं म्हणत नाही, ती मुलं?” ती सगळी हर्मिस देवाच्या खोलीत दाटीवाटीनं झोपतात, असं मी सांगितलं. म्हणाला, “पण ती पण कुणाचे तरी लेकच ना?”

तिथे मला शब्द सापडला. लेक. माझा लेक, माझी लेक. मुलगा-मुलगी दोघांना एकच शब्द, देवकन्येची अडचणच नाही. काकांनी म्हटल्याप्रमाणे ‘कुणाचा’ ते लगेच सांगता येतं: पोसायडनचा लेक, अथेनाची लेक. सगळ्यांना मिळून देवलेक. देवघर, देवचाफा, देवमासा यांच्या रांगेत तो परका वाटत नाही. ऐकताना ‘देवलोक’शी थोडा गोंधळ होतो, हे मान्य. दोनदा झालाही. पण भाच्यानं आज सकाळी वहीच्या मागच्या पानावर ‘देवलेक’ लिहिलंय. चारही अक्षरं जागच्या जागी आहेत.

आता पुढचं. ‘सॅटर’ अडलाय. वरून माणूस, खालून बोकड, हातात वेळूची बासरी, स्वभावानं भित्रा पण मैत्रीला पक्का. कोकणातल्या ताईंना ‘देवचार’ आठवेल, पण देवचार राखण करतो, हातात काठी घेऊन रात्री फिरतो, त्याला भित्रा कसं म्हणू? रात्री नऊच्या आत काही सुचलं तर लिहा.