मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर व्यायाम आणि शरीरसंबंध

नमस्कार. विषय नाजूक आहे, पण मोकळेपणाने विचारते. हार्ट अटॅकनंतर माझ्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत चांगली आहे, रोज चालतात. तरी आम्ही दोघंही जवळ यायला घाबरतो. त्यांना लिंगाला ताठरता न येण्याचाही त्रास होतोय, त्यामुळे ते फार खचलेत. डिस्चार्जच्या वेळी पथ्य, गोळ्या सगळं समजावलं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

वाचलंय की संबंधाचा ताण साधारण ३ ते ५ मेट्स (शारीरिक श्रम मोजायचं एकक), म्हणजे भराभर दोन जिने चढण्याइतका असतो. तेवढं दम न लागता, छातीत न दुखता जमलं तर बहुतेकांना धोका कमी. नियमित व्यायामाने रक्तवाहिन्या सुधारतात आणि ताठरतेलाही फायदा होतो म्हणे.

कार्डिअ‍ॅक रिहॅब (हृदयविकारानंतर देखरेखीखाली करायचा व्यायामाचा कार्यक्रम) केलेल्यांना खरंच फरक जाणवला का? किती दिवसांनी? आधी स्ट्रेस टेस्ट (चालताना-पळताना हृदयाची तपासणी) करून घेतलीत का? बीटा ब्लॉकरमुळे (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी) ताठरतेचा त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात का? (स्वतःहून बंद करणार नाही.) सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, व्हायग्रा) सुचवू नका, त्यांच्याकडे जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असते, दोन्ही एकत्र झाल्यास बीपी धोकादायकरीत्या घसरतं.

डॉक्टरांसमोर हा विषय कसा काढलात, तेही सांगा. मिस्टर संकोचतात, म्हणून मीच बोलणार आहे.