वीस मेगाबाइटची जुनी हार्ड डिस्क: 'सेक्टर नॉट फाउंड' येत असताना फॉरमॅट करावी का?

पोथीखाना यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे वडिलांचा २८६ प्रोसेसर असलेला एटी प्रकारचा संगणक आहे. त्यात सव्वापाच इंची, अर्ध्या उंचीची, २० मेगाबाइटची एमएफएम (माहिती नोंदवण्याची एक जुनी पद्धत) हार्ड डिस्क असून तिला रुंद आणि अरुंद अशा दोन सपाट केबल जोडलेल्या आहेत. लेबलवर ६१५ सिलिंडर आणि ४ हेड असा उल्लेख असून त्याखाली हाताने लिहिलेली आकड्यांची एक छोटी यादी आहे. संगणक सुरू केला की सेटअप (संगणकाने जपलेली डिस्क वगैरेची नोंद) पुसला गेल्याचा संदेश येतो. सेटअपमध्ये डिस्कचा टाइप २ निवडला की डिस्क फिरते, सुरुवातीला काही क्षण कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि कधी कधी सी ड्राइव्हची यादीही पडद्यावर दिसते. मात्र फाइल उघडताना बहुतेक वेळा 'सेक्टर नॉट फाउंड' असा संदेश येतो. यंत्र बराच वेळ चालू राहिल्यावर हे प्रमाण कमी होते, असे माझे निरीक्षण आहे.

डिस्कवर वडिलांनी लिहिलेली टिपणे आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. लो-लेव्हल फॉरमॅट (डिस्कवरील मूळ मांडणीच नव्याने लिहिणे) केल्यास डिस्क पूर्ववत होईल, असे मला सुचवण्यात आले आहे. तसे करावे का?

ट्रॅकशून्य यांचा प्रतिसाद

कृपया करू नका. लो-लेव्हल फॉरमॅटमुळे डिस्क कदाचित बरी होईल, पण टिपणे कायमची जातील. त्याचप्रमाणे प्रत काढून होईपर्यंत डॉसमधील 'चेकडिस्क' या डिस्क-तपासणी प्रोग्रामची दुरुस्तीची आज्ञा देऊ नका, कारण ती डिस्कवर लिहिते, आणि आत्ताच्या स्थितीत या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाणे धोक्याचे आहे.

आपले शेवटचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. ६१५ सिलिंडर, ४ हेड (तबकडीवर वाचन-लेखन करणारी टोके) आणि प्रत्येक ट्रॅकवर (तबकडीवरील वर्तुळाकार पट्ट्यावर) १७ सेक्टर (ट्रॅकचे छोटे तुकडे) ही मोजमापे सीगेटच्या एसटी-२२५ चीही आहेत, आणि या वर्गातील डिस्कमध्ये हेड हलवण्याचे काम स्टेपर मोटर करते. नंतरच्या काळातील डिस्कमध्ये तबकडीवर आधीच नोंदवलेल्या खुणा वाचून हेड स्वतःला ट्रॅकच्या मध्यावर आणते; स्टेपर मोटरला अशी कोणतीही खूण मिळत नाही. ती ठरावीक पावले मोजते आणि तेथे ट्रॅक असेलच असे गृहीत धरते. धातू तापला की प्रसरण पावतो, त्यामुळे थंड डिस्कमध्ये हेड जेथे थांबते ती जागा आणि तापलेल्या डिस्कमधील जागा यांत किंचित फरक पडतो, आणि वर्षानुवर्षांच्या झिजेनंतर तेवढा फरकही वाचनात अडथळा आणण्यास पुरेसा असतो.

संदेशाचा नेमका शब्दही येथे उपयोगी पडतो. प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा पत्ता सांगणारा एक छोटा मथळा असतो, जो केवळ लो-लेव्हल फॉरमॅटच्या वेळी लिहिला जातो आणि त्यानंतर कधीच नव्याने लिहिला जात नाही. माहितीचा भाग मात्र फाइल साठवताना पुनःपुन्हा लिहिला जातो. 'सेक्टर नॉट फाउंड' म्हणजे मथळाच वाचता आला नाही. माहिती वाचली पण ती पडताळणीत चुकीची ठरली, तर 'डेटा एरर' असा संदेश येतो. आपल्याकडे पहिला संदेश येत असल्याने मजकूर शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे, केवळ त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

म्हणून डिस्क पूर्वी ज्या स्थितीत, म्हणजे आडवी किंवा कुशीवर, बसवलेली होती त्याच स्थितीत ठेवून अर्धा ते एक तास फिरू द्या आणि नंतरच वाचनाला सुरुवात करा. डॉस ३.३ किंवा त्यापुढील आवृत्तीच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करा, संपूर्ण डिस्क एका आज्ञेत उतरवण्याच्या मागे न लागता टिपणांची डिरेक्टरी सर्वप्रथम घ्या, आणि त्रुटी आली तर 'रिट्राय' निवडून पाहा. अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस सेक्टर वाचला जातो. अडून बसलेली फाइल सोडून पुढे जा आणि शेवटी तिच्याकडे परत या.

तांब्याचीतार यांचा प्रतिसाद

ट्रॅकशून्य यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु तासभर डिस्क फिरवण्यापूर्वी वीजपुरवठा तपासावा, असा माझा आग्रह आहे. डिस्कच्या चार तारांच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या तारा भूमीच्या (ग्राउंड) असतात. डिस्क फिरत असताना मल्टीमीटरने मोजल्यास ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ या मर्यादांत आकडे यायला हवेत. १२ व्होल्ट कमी पडले तर मोटरची गती आणि हेडची पावले दोन्ही अनिश्चित होतात, आणि लक्षणे हुबेहूब बिघडलेल्या डिस्कसारखी दिसतात.

त्यानंतर वीज बंद करून ३४ तारांची नियंत्रण केबल आणि २० तारांची माहिती केबल काढा, डिस्कच्या कडेवरील तांब्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि केबल पुन्हा घट्ट बसवा. मूळच्या केबलच वापरा. फ्लॉपीची केबलही ३४ तारांचीच असते, पण तिच्यातील पीळ १० ते १६ या तारांना असतो आणि हार्ड डिस्कच्या केबलमधील पीळ २५ ते २९ या तारांना. या दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. कंट्रोलर कार्डही (संगणकातील, डिस्क चालवणारे कार्ड) बदलू नका, कारण एमएफएम डिस्कवरील सेक्टरची मांडणी कंट्रोलर ठरवतो आणि दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला ती वाचता येईलच असे नाही.

किंचाळण्याचा आवाज बहुधा डिस्कच्या तळाशी, मोटरच्या आसाला टेकलेल्या स्थिर विद्युतभार वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा आहे. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि प्रत निघेपर्यंत त्या पट्टीला हात लावू नये. डिस्कचे झाकण तर कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. हेड तबकडीपासून एका मायक्रॉनहूनही कमी अंतरावर तरंगते आणि डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही त्या फटीपेक्षा मोठा असतो.

सेटअप पुसला जाणे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ मदरबोर्डच्या बॅटरीत आहे. ती बोर्डावर डाख देऊन बसवलेली निकेल-कॅडमियमची असेल तर आधी पाहा की ती पाझरली आहे का. हिरवट थर दिसल्यास ती लगेच काढून टाका, कारण तो द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो.

पोथीखाना

दोघांचेही मनःपूर्वक आभार. १२ व्होल्टच्या तारेवर केवळ ११.१ व्होल्ट मिळत होते. डिस्कला स्वतंत्र पॉवर सप्लाय दिला, दोन्हींच्या भूमीच्या तारा एकत्र जोडल्या, पट्ट्या पुसल्या आणि डिस्क पूर्ण तापू दिली. त्यानंतर टिपणांची जवळजवळ सर्व डिरेक्टरी उतरली. काही फाइल अजूनही अडतात. त्यांच्यासाठी आणखी काही करता येईल का, आणि नंतर ही डिस्क वापरात ठेवता येईल का?

ट्रॅकशून्य

हे वाचून खरोखर समाधान वाटले. उतरवलेल्या फाइल प्रथम दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडून पाहा. केवळ नावे दिसणे पुरेसे नाही. फ्लॉपीऐवजी एमएस-डॉस ६ सोबत येणारे इंटरलिंक (दोन संगणक जोडून फाइल हलवणारा प्रोग्राम) आणि एक नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) वापरली तर हे काम बरेच सुकर होते.

अडलेल्या फाइलसाठी डिस्क किंचित कमी आणि किंचित अधिक तापलेली असताना वाचून पाहा, कारण त्या ज्या तापमानाला लिहिल्या गेल्या त्याच्या जवळपास हेड योग्य जागी येण्याची शक्यता असते. तरीही न वाचल्या गेल्यास एमएफएम ड्राइव्हचे सिग्नल थेट टिपून घेणारी उपकरणे उपलब्ध आहेत. ती कंट्रोलरला वगळून अख्ख्या डिस्कची प्रतिमा तयार करतात आणि न जमलेले ट्रॅक पुनःपुन्हा वाचतात. ती टिपणे मौल्यवान असल्यास मी हा खर्च आनंदाने करेन, आणि तोवर डिस्कला विश्रांती देईन.

सर्व काही हाती आल्यानंतरच लो-लेव्हल फॉरमॅटचा विचार करावा, आणि तेव्हा तो खरोखर उपयोगी ठरतो, कारण सर्व मथळे हेडच्या आजच्या जागेनुसार नव्याने लिहिले जातात. डॉसच्या डिबग प्रोग्राममधून कार्डावरचे फॉरमॅट सुरू करण्याचा सी८००:५ हा पत्ता सहसा स्वतःचा बायोस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम) असलेल्या आठ बिटी कार्डांसाठी असतो. एटीच्या सोळा बिटी कार्डावर बहुधा तो नसतो, म्हणून फॉरमॅटचा स्वतंत्र प्रोग्राम लागेल. लेबलवरील हाताने लिहिलेली यादी ही कारखान्यात सापडलेल्या सदोष ट्रॅकची नोंद असावी. ती त्या प्रोग्राममध्ये भरा, डिस्क तापलेली असताना आणि कायमच्या स्थितीत बसवलेली असतानाच फॉरमॅट करा, आणि त्यानंतर एफडिस्क (डिस्कचे विभाग पाडणारा प्रोग्राम) व डॉसचे फॉरमॅट चालवा. या वर्गातील अनेक डिस्क वीज बंद झाल्यावर हेड आपोआप सुरक्षित जागी नेत नाहीत, त्यामुळे संगणक जागेवरून हलवण्यापूर्वी दर वेळी हेड पार्क करण्याचा, म्हणजे सुरक्षित जागी नेण्याचा, प्रोग्राम चालवावा.