अंदमानचा सेल्युलर तुरुंग वयस्कर वडिलांना नीट दाखवायचा असेल, तर किती वेळ ठेवावा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. येत्या जानेवारीत आई-वडिलांना घेऊन अंदमानला जाण्याचे ठरत आहे. वडील शहात्तर वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. समुद्रकिनारे आणि काचेच्या तळाची होडी यांत त्यांना फारसा रस नाही. त्यांना पाहायचा आहे तो सेल्युलर तुरुंग, आणि तोही मुख्यतः बाबाराव सावरकरांसाठी. राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल १९०९ मध्ये ज्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली, त्या बाबारावांनी १९४५ मध्ये आपल्या सांगलीतच देह ठेवला. ज्या माणसाचा शेवट आपल्या गावात झाला, त्याने दहा वर्षांहून अधिक काळ जिथे काढला ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असे वडील मला आठवते तेव्हापासून म्हणत आले आहेत.

अडचण अशी आहे की प्रवास कंपनीच्या कार्यक्रमपत्रकात तुरुंगासाठी पहिल्या दिवशी दुपारी साडेतीन ते साडेचार असा एकच तास ठेवलेला आहे आणि त्यानंतर लगेच ध्वनिप्रकाश कार्यक्रम आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे एका तासात त्यांचे काहीच पाहून होणार नाही, अशी मला धास्ती वाटते. तुरुंगासाठी खरोखर किती वेळ लागतो, जिने कितपत आहेत आणि वर चढणे जमले नाही तर खाली पाहण्यासारखे काय आहे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

मिरजकर

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन गेलो होतो, त्या अनुभवावरून लिहितो. एक तास अजिबात पुरणार नाही. आम्हालाही तसाच एक तास मिळाला होता. गाइड पुढे आणि आम्ही मागे, असे धावत बाबारावांचे धाकटे भाऊ विनायक, म्हणजे तात्याराव, सावरकर यांची कोठडी गाठली, रांगेत उभे राहून दाराशी फोटो काढला आणि उतरलो. खाली आल्यावर आई म्हणाली, "मला तर लोकांच्या पाठीच दिसल्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेला कार्यक्रम सोडून आम्ही दोघे रिक्षाने पुन्हा गेलो आणि तीन तास थांबलो, तेव्हा कुठे तो तुरुंग पाहिल्यासारखे वाटले.

जिन्यांविषयी सांगायचे तर इमारत तीन मजली आहे आणि विनायक दामोदर सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, लांब ओसरीच्या अगदी टोकाला आहे. चढण थांबत थांबत जमण्यासारखी आहे, पण ती कोठडी एकदम शेवटी असल्याने जिना चढून झाल्यावरही बरेच चालावे लागते, हे लक्षात ठेवा. मात्र तुरुंग समजून घेण्यासाठी वर जाण्याची सक्ती नाही. तळमजल्यावरच्या कोणत्याही कोठडीपाशी वडिलांना उभे करा आणि आधी तिची कडी दाखवा. दाराची लोखंडी कडी भिंतीत कोरलेल्या खाचेत, दारापासून हातभर लांब जाऊन बसते. आतल्या माणसाने गजांमधून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी कुलपाला त्याची बोटे लागणार नाहीत, असा हिशेब त्यात केलेला आहे. आईने आत उभे राहून हात बाहेर काढून पाहिला आणि कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही. आत पाहाल तर साधारण चौदा फूट लांब आणि सात-आठ फूट रुंद एवढीच जागा, आणि मागच्या भिंतीत सुमारे दहा फुटांवर एक झरोका. त्यातून उजेड येतो, पण बाहेरचे काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे घड्याळाप्रमाणे पाच म्हणजे लख्ख दुपार असते. अंदमान इतके पूर्वेला आहे की जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेतीनला आत गेलात तर उन्हे कलतानाच पाहावे लागेल. म्हणून तुरुंग सकाळी पाहावा आणि ध्वनिप्रकाश कार्यक्रम वेगळ्या संध्याकाळी ठेवावा.

अजिंक्यतारा, सातारा

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो आणि मुलांना घेऊन एकदा तिथे जाऊन आलो आहे. मिरजकरांनी वेळेविषयी लिहिले ते योग्यच आहे. मी पाहण्याच्या क्रमाविषयी थोडे सांगतो, कारण बहुतेक मराठी पर्यटक एक कोठडी पाहून परततात आणि उरलेला तुरुंग पाहायचा राहून जातो.

सुरुवात मधल्या मनोऱ्यापासून करावी. १८९६ मध्ये बांधकाम सुरू होऊन १९०६ मध्ये तुरुंग पुरा झाला, तेव्हा या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात भुजा निघत होत्या आणि त्यांत मिळून सुमारे सातशे कोठड्या होत्या. प्रत्येक भुजेच्या कोठड्यांची तोंडे शेजारच्या भुजेच्या पाठीकडे ठेवलेली होती, म्हणजे शेकडो माणसे एका आवारात राहूनही कैद्याला समोर दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. सख्खे भाऊ असलेल्या बाबाराव आणि तात्याराव यांनाही एका तुरुंगात राहून एकमेकांना भेटू दिले जात नसे, हे आपण वाचलेले असते. पण ते कसे साधले, हे मनोऱ्यापाशी उभे राहिल्यावरच कळते. आज सातांपैकी तीनच भुजा शिल्लक आहेत. काही जपानी अंमलात, म्हणजे १९४२ ते १९४५ या काळात पाडल्या गेल्या, काही स्वातंत्र्यानंतर, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आज गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे आहे. उरलेली वास्तू ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण झाली.

मनोऱ्यातच संगमरवरी पाट्यांवर राजकीय कैद्यांची नावे प्रांतवार कोरलेली आहेत. कृपा करून तिथे किमान अर्धा तास थांबा. बंगालची नावे संपता संपत नाहीत, आणि आपल्या मुंबई प्रांताची त्यामानाने मोजकी आहेत. माझ्या विद्यार्थ्यांनी ती मोठ्याने वाचली. आपल्या माणसाचा अभिमान बाळगावाच, पण १९१२ मध्ये छळ असह्य होऊन कोठडीतच गळफास घेतलेले इंदुभूषण रॉय, किंवा १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घातल्यामुळे प्राण गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नमदास आणि मोहित मोइत्रा यांची नावेही आपल्या मुलांना ठाऊक असावीत, असे मला मनापासून वाटते. समोरच्या उद्यानात यांचे पुतळे आहेत. तिथे वडिलांना निवांत बसताही येईल.

त्यानंतर अंगणात मांडलेला कोलू पाहा. बैलाने फिरवायचा घाणा माणसाने फिरवायचा आणि दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून द्यायचे, असे ते काम होते. शेजारीच फाशीघर आहे आणि तिथे तीन फास एका ओळीत टांगलेले आहेत. हे सर्व तळमजल्यावरच असल्याने वडिलांना जिना चढावा लागणार नाही.

आपण सांगलीकर आहात म्हणून एक मुद्दा मांडतो. वसंतदादांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला, ही कथा आपल्या भागात घरोघरी सांगितली जाते. तिथे तट ओलांडला की पुढे आपलेच गाव आणि आपलीच माणसे होती. अंदमानात भिंत ओलांडून माणूस जाणार कुठे? १८५८ मध्ये बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी बेटावर उतरवली, त्याच वर्षी पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या ऐंशीहून अधिक जणांना फाशी दिले गेले. तुरुंगाच्या गच्चीवरून चहूकडे पाहिले की ‘काळे पाणी’ म्हणजे काय ते समजते. सेल्युलर तुरुंग बांधण्यापूर्वीचा तुरुंग आणि फाशीघर व्हायपर बेटावर होते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना मारणाऱ्या शेर अली याला मार्च १८७२ मध्ये तिथेच फाशी दिले. होडीची सोय झाली तर तेही पाहावे.

वाईकर

वरील दोघांशी सहमत आहे. पुण्याहून चेन्नई, बंगळूर किंवा कोलकाता येथे विमान बदलून जावे लागते. पहाटेची वेळ असेल तर वडिलांची झोप होत नाही, म्हणून उतरल्याच्या दिवशी तुरुंग मुळीच ठेवू नका. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आहे. तिकिटांवर आणि पाट्यांवर दोन्ही नावे दिसली तर गोंधळू नका. ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो, तेव्हा हिंदी खेळाची वेळ आधी विचारून घ्या आणि वडिलांच्या पाठीला आधार मिळेल अशी जागा धरा.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रवास कंपनीशी बोलून तिसऱ्या दिवसाची पूर्ण सकाळ तुरुंगासाठी मोकळी करून घेतली आहे आणि त्या बदल्यात काचेच्या होडीची फेरी सोडली आहे. ध्वनिप्रकाश कार्यक्रम आदल्या संध्याकाळी पाहू. व्हायपर बेटाचे तिथे गेल्यावर वडिलांची तब्येत पाहून ठरवेन.

काल रात्री तुमची उत्तरे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. कडीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. वरच्या मजल्यावर चढायचे की नाही, हे तिथे जाऊनच पाहू, असे म्हणाले. आणि नाहीच जमले, तर "मी खाली पाट्यांवरची नावे वाचत बसतो, तू वर जाऊन झरोका किती उंच आहे तेवढे बघून ये आणि मला सांग," असेही त्यांनी सांगून ठेवले आहे.