मदत हवी आहे: आरटीएल-एसडीआरची लेव्हल कायम फुल्ल, अँटेना काढली तरी!

बिनतारी:
डोकं आउट झालंय. आरटीएल-एसडीआर, म्हणजे यूएसबीला लागणाऱ्या रेडिओ डोंगलने १०९० मेगाहर्ट्झवर विमानांचे एडीएस-बी संदेश (विमानं आपली जागा, उंची कळवतात ते) पकडायचे आहेत. लेव्हल सतत फुल्ल. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) शून्यावर आणला तरी फुल्ल. अँटेना काढून ठेवली तरी फुल्ल! डोंगल गेलं का? आज रात्रीपर्यंत चालू व्हायला हवंय, त्यामुळे 'आधी शोधून बघा' कृपया नको.

खरखर:
ओव्हरलोड. डोळे झाकून सांगतो. जवळपास एफएमचा टॉवर असणार. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा अडवणारा नॉच फिल्टर लावा, मी लावला आणि लगेच फरक पडला.

चौकटराजा:
लेव्हल कुठे बघताय? कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये? सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घेताय) किती? अख्ख्या धाग्यात १०९० सोडून एक आकडा नाही.

तारवाला:
पाव तरंगलांबीची अँटेना १०९० ला साधारण ६.९ सेंमी भरते. सोबत मिळालेली लांब दांडी तशीच लावली असेल तर आधी ती कापा.

बिनतारी:
@तारवाला, अँटेना काढलीये म्हणतोय ना!
@चौकटराजा, सॉफ्टवेअर कुठलंच नाही. आरटीएल-एसडीआरच्या rtl_sdr कमांडने फाइल रेकॉर्ड करतो आणि पायथॉनमध्ये वाचतो. कोड बरोबर आहे, आधी हॅकआरएफ या दुसऱ्या एसडीआर रेडिओच्या फाइलींवर मस्त चालत होता. त्याबद्दल विचारत नाहीये.

पेंग्विन:
विंडोज असेल तर सोडा नाद. लिनक्स टाका, अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

खरखर:
ऑपरेटिंग सिस्टिमचा काय संबंध? आणि लेव्हलच्या आकड्यांवर कशाला जाता. माझ्याकडे एकाच डोंगलचा नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाच्या गोंगाटाची पातळी) एका सॉफ्टवेअरमध्ये -५० दिसतो, दुसऱ्यात -६८. दोघांपैकी एक थापा मारतंय.

चौकटराजा:
कोणीच मारत नाहीये. एकात एफएफटी (सिग्नलचे वारंवारतेनुसार खाने पाडणारं गणित) १०२४ ची असेल, दुसऱ्यात ६५५३६ ची. खाने ६४ पट झाले की प्रत्येक खान्यात नॉइज ६४ पट कमी पडतो, म्हणजे १८ डीबी. कॅरियर (एकाच वारंवारतेचा सिग्नल) मात्र दोन्हीकडे तेवढाच उंच दिसतो. शिवाय ते डीबीएफएस आहे, एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) कमाल पातळीपासून मोजलेलं. कॅलिब्रेट केल्याशिवाय त्याला डीबीएम (मिलिवॅटच्या तुलनेतली खरी शक्ती) समजू नये. असो, अवांतर झालं.
@बिनतारी, तीच फाइल सोडा, पण तेच डोंगल वॉटरफॉल (सिग्नलचं सरकतं चित्र) दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामात लावून पाहिलंत का? आणि अँटेना काढून, गेन शून्य ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमधले पहिले आठ-दहा आकडे जसेच्या तसे इथे टाका.

बिनतारी:
वॉटरफॉल तिकडे नीट दिसतो, ते आधीच पाहिलंय. आकडे हे घ्या:
१२७ -१२८ १२६ -१२७ -१२८ १२७ १२७ -१२८ -१२७ १२६
मॅग्निट्यूड सगळीकडे १८० च्या आसपास. बघा, फुल्ल आहे की नाही?

खरखर:
हेच म्हणतोय मी. क्लिपिंग, सिग्नल कमाल मर्यादेला आपटतोय! फिल्टर.

चौकटराजा:
थांबा हो. अँटेनाच नाही तर क्लिपिंग कशाचं? -१२८ च्या जागी १२८ वाचा आणि -१२७ च्या जागी १२९. मग तीच रांग १२७, १२८, १२६, १२९ अशी होते. म्हणजे अगदी शांत, मध्यावर एक-दोन पायऱ्यांची थरथर. आरटीएलची फाइल बिनचिन्ह ८ बिटांची असते, ० ते २५५, मध्य १२७.५. हॅकआरएफची चिन्हासकट असते. तुमचा कोड इंट८ ने (चिन्हासकट) वाचतोय. यूइंट८ (बिनचिन्ह) करा, फ्लोटमध्ये घ्या, १२७.५ वजा करा. डोंगल ठणठणीत आहे.

पेंग्विन:
+१. नजर आहे राव.

बिनतारी:
बदललं. लेव्हल खाली आली. पण अँटेना लावून, गेन ४९.६ ठेवूनसुद्धा प्रीअँबल (संदेशाच्या सुरुवातीची खूण) सापडत नाहीत. मग उपयोग काय?

चौकटराजा:
सॅम्पल रेट मी पहिल्याच प्रतिसादात विचारला होता.

बिनतारी:
सेकंदाला १.०२४ दशलक्ष. फाइल फार मोठी होते म्हणून कमी ठेवलाय. बँडविड्थ पुरते की.

चौकटराजा:
नाही पुरत. प्रीअँबलचे चार पल्स ०, १, ३.५ आणि ४.५ मायक्रोसेकंदांवर येतात, प्रत्येक अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. पुढचा प्रत्येक बिट एक मायक्रोसेकंदाचा, आणि पल्स पहिल्या अर्ध्यात आहे की दुसऱ्या, यावरून १ की ० ठरतं. तुम्ही एका बिटाला जेमतेम एक सॅम्पल घेताय, दोन्ही अर्धी एकातच कालवली जातात. किमान २ दशलक्ष घ्या. २.४ सहसा चालतं. ३.२ हा जाहीर कमाल आकडा आहे, पण तिथे सॅम्पल गळतात.

पेंग्विन:
२.४ ला सेकंदाला ४.८ एमबी, मिनिटाला २८८ एमबी. फाइल कशाला करता, पाइपने थेट डीकोडरला द्या.

बिनतारी:
२ वर घेतलं. आले! डीएफ १७ चे (म्हणजे एडीएस-बीचे) संदेश धडाधड येतायत. फक्त एक विचित्र प्रकार: लांबच्या विमानांचा सीआरसी (संदेश बिनचूक आला का याची तपासणी) बसतो, अगदी डोक्यावरून जाणाऱ्याचा चुकतो. उलटं असायला हवं ना?

खरखर:
आता तरी ऐका. जवळच्या विमानाच्या संदेशात ० आणि २५५ किती येतात ते मोजा. ढीगभर असतील. हे खरं क्लिपिंग.

चौकटराजा:
या वेळी खरखर यांना अनुमोदन. गेन ४० च्या आसपास आणून सीआरसी बसलेले संदेश मोजत जा, जिथे सर्वात जास्त येतील तिथे थांबा. ऑटो मात्र नको. संदेश १२० मायक्रोसेकंदांत संपतो, मधल्या शांततेत ऑटो गेन वर चढून बसतो.

खरखर:
आणि फिल्टर.

तारवाला:
अँटेना किती सेंमी ठेवलीत शेवटी?