साताऱ्याच्या माहितीच्या वेबसाइटवर लोक कसे आणायचे? दिवसाला १५-२० च येतात

पाऊलवाट_सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात गोडोलीला राहते. दोन वर्षं झाली, जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी, बारवा, नदीकाठचे घाट, आडबाजूची देवळं यांच्यावर मराठीत वेबसाइट चालवतेय. ३८ लेख झालेत. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन आलेय, फोटो पण माझेच. लिंबची बारा मोटेची विहीर तर चार वेळा बघितली, खाली उतरून शिल्पं बघितली, वरचा महाल बघितला, मग लिहिलं.

पण लोकं येतच नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकली की त्या दिवशी ८०-९० होतात आणि दुसऱ्या दिवशी परत १५. गूगलवर विहिरीचं नाव टाकलं तर माझं पान चौथ्या पाचव्या पानावर पण दिसत नाही, आणि जे वर दिसतात त्यातल्या काहींनी ती विहीर बघितलेली पण नाही हे वाचतानाच कळतं.

परवा एकांचा फोन आला, ५ हजारात महिन्याला १० हजार व्हिजिटरची गॅरंटी आणि वर ५०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंका, फ्री म्हणाले. घरचे म्हणतात एक महिना करून बघ. घेऊ का? खूप जीव लावून केलंय हे सगळं, कुणी वाचत नाही म्हटल्यावर फार लागतं मनाला. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

कृष्णाकाठ

ताई आधी ते ५ हजार जपून ठेवा. गॅरंटीचे व्हिजिटर म्हणजे बहुतेक वेळा बॉट असतात, माणसं नव्हे तर आपोआप चालणारे प्रोग्रॅम, पान उघडतं आणि मिटतं, वाचणारं पलीकडे कुणी नसतं. पुढे तुम्ही ॲडसेन्स, म्हणजे साइटवर गूगलच्या जाहिराती दाखवून पैसे मिळवायचं, लावायचं म्हणालात तर असल्या खोट्या ट्रॅफिकमुळं खातं बंद पडू शकतं. आणि विकतच्या लिंका गूगलच्या नियमात बसतच नाहीत, २०१२ मध्ये गूगलनं शोधाच्या पद्धतीत केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलापासून तर असल्या लिंकांवर जगणाऱ्या साइट धडाधड खाली आल्या होत्या, मी तेव्हा सांगलीत एका दुकानात वेबसाइटचंच काम करायचो, दोन गिऱ्हाइकांच्या साइट डोळ्यासमोर गेल्या. पैसे देऊन गूगलच्या साध्या निकालात वर जाता येत नाही. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते.

आता मला सांगा, सर्च कन्सोल लावलंय का? फुकट आहे, गूगलचंच आहे. त्यात तुमची साइट जोडा, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची यादी, द्या. मग एकेका लेखाचा पत्ता वरच्या खिडकीत टाकून बघा, गूगलनं तो घेतलाय का नाही तिथंच कळतं. वर्डप्रेस असेल तर सेटिंगमध्ये रीडिंगला जा, सर्च इंजिनला येऊ देऊ नका अशा अर्थाची एक चौकट असते तिच्यावर टिक राहिलीय का बघा. साइट बनवताना लावतात आणि काढायची विसरतात. चौथ्या पाचव्या पानावर पण नाही म्हणताय म्हणून मला आधी हीच शंका येतेय, लेख खाली आहे का मुळात तिथं पोचलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाऊलवाट_सातारा

दादा चौकटीवर टिक नाहीये, बघितलं. सर्च कन्सोल आज लावलं. ३८ पैकी २७ लेख घेतलेत असं दाखवतंय. उरलेले ११ सगळे सुरुवातीचे आहेत, बारा मोटेची विहीर त्यातच. तेव्हा मला मराठी टायपिंग येत नव्हतं म्हणून गावातल्या एका डीटीपीवाल्यांकडून, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवून देणाऱ्यांकडून, पानं करून घेतली होती आणि ती तशीच चढवली.

जुना_डीटीपीवाला

इथंच आहे बघा तुमचं दुखणं. मी मिरजेत २० वर्षं लग्नपत्रिका आणि अहवाल केले, त्यामुळं सांगतो. ती पानं एकतर जेपीजी असणार, म्हणजे आख्खा लेख म्हणजे एक चित्र. नाहीतर जुन्या फॉन्टमधला मजकूर असणार. जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला स्क्रीनवर ‘विहीर’ दिसतं पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट काढला की नुसता कचरा. गूगलला तुमचा लेख मराठी आहे हेच कळत नाही मग तो ‘विहीर’ शोधणाऱ्याला दाखवणार कसा. तपासायचं सोपं आहे, लेखातली एक ओळ माऊसनं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. सिलेक्टच झाली नाही तर चित्र, वाकडीतिकडी अक्षरं आली तर जुना फॉन्ट, नीट मराठी आली तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणारा मजकूर.

जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टर मिळतात पण नंतर डोळ्यात तेल घालून वाचावं लागतं, जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. चित्र असेल तर परत टाईप करा, किंवा मोबाईलवर बोलून लिहा, गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डला मराठी बऱ्यापैकी कळतं.

पाऊलवाट_सातारा

चित्रच आहेत काका 😔 सिलेक्ट होत नाही. दोन वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. बसते टायपायला.

तासगाव_बेदाणा

ताई टायपायला बसलाच हाय तर लेख हाय तसा उतरवू नका, जरा थांबा. मी तुमचा दुसऱ्या एका बारवेचा लेख वाचला, लई चांगला लिवलाय, पण पहिले चार परिच्छेद पेशवाई आणि शाहू महाराज, आणि तिथं जायचं कसं ते शेवटाला एका ओळीत. आता जो माणूस पुण्यावरनं गाडी काढून निघालाय आणि मोबाईलवर शोधतोय त्याला आधी काय पाहिजे? फाटा कुठला, गाडी कुठपर्यंत जाते, म्हातारी आई बरोबर हाय तर पायऱ्या उतरंल का, पावसाळ्यात निसरडं असतंय का, जवळ चहापाणी मिळतंय का. हे सगळं तुम्हाला माहीत हाय कारण तुम्ही चार वेळा गेलाय. न गेलेल्याला हे लिवताच येत नाही, इथंच तुम्ही त्यांच्या पुढं हाय.

माझं सांगतो. आमची बेदाण्याची साइट हाय, पहिली तीन वर्षं नुसतं ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’. कुत्रं फिरकलं नाही. मग फोनवर गिऱ्हाईक जे विचारायची ते वहीत लिवाय लागलो. हिरवा आणि पिवळा बेदाणा यात फरक काय, गंधकाची धुरी देता का, नवा माल कधी येतो, पावसाळ्यात चिकट होतो तर ठेवायचा कसा, एक किलोला द्राक्षं किती लागतात. एकेका प्रश्नाला एकेक लेख, शेडवर उभं राहून काढलेले फोटो, द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतानाचा, रॅकवर पसरतानाचा. ‘चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा’ हा लेख आजपण सगळ्यात जास्त वाचला जातोय. त्याला सहा सात महिने लागले, लगेच काय झालं नाही, हे पण खरं.

तुमचा इतिहास काढू नका हां. बारा मोटेच्या विहिरीचं शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ मधलं बांधकाम, वीरूबाई भोसले यांनी बांधली, ११० फूट खोल, ५० फूट व्यास, हे सगळं पाहिजेच. फक्त वाट आधी सांगा.

कृष्णाकाठ

तासगावकरांच्या मताशी १०० टक्के सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. फोटो मोबाईलमधले जसेच्या तसे चढवलेत तुम्ही, एकेक ४-५ एमबीचा. लिंबच्या विहिरीपाशी किंवा ठोसेघरच्या रस्त्याला रेंज किती असते तुम्हाला माहितीये, तिथं पान उघडता उघडता माणूस मागं जातो. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी नावाचा कमी जागा घेणारा फॉरमॅट करा, दीडदोनशे केबीत बसतो. फोटोला नाव पण द्या, आयएमजी ४५ असलं नको, आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या वर्णनाच्या जागेत, फोटोत काय दिसतंय ते एका वाक्यात मराठीत लिहा, फोटोच्या शोधातून पण लोकं येतात.

आणि लेखाचा पत्ता मराठीत ठेवलाय त्याला गूगलची काही हरकत नसते, पण व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांची दोन ओळींची माळ होते आणि माणसं फसवी लिंक समजून दाबत नाहीत. नवीन लेखांना छोटा इंग्रजी अक्षरातला पत्ता द्या. जुने २७ बदलू नका, बदललेच तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय, लावल्याशिवाय नाही, नाहीतर आहे ते पण जाईल.

पाऊलवाट_सातारा

आठ दिवसांनी लिहितेय. ११ पैकी ४ लेख टाईप करून झाले, विहिरीचा पहिला केला, वाट आणि पायऱ्यांचं आधी घेतलं. टाकल्यावर कन्सोलमधून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या यादीत घ्यायची, विनंती केली, तिसऱ्या दिवशी गूगलनं घेतला. कन्सोलच्या रिपोर्टमध्ये लोकांनी काय काय शोधलं ते दिसतंय, ‘बारा मोटेची विहीर कशी जायचे’, ‘विहीर वेळ’, इंग्रजी अक्षरात पण बरंच. काल दोघं गूगलवरून आले. दोनच, पण ते अनोळखी होते, मला खूप बरं वाटलं.

एक विचारायचं राहिलं, फुलांच्या कास पठारावर लिहू का आत्ता? सगळेच लिहितात त्याच्यावर.

तासगाव_बेदाणा

लिवा, पण आत्ता लिवा, जूनच्या आत. फुलं ऑगस्टच्या शेवटाला सुरू होतात, तेव्हा लेख टाकला तर गूगल त्याला वर आणेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि पठार मोकळं होतं. आणि दरवर्षी नवा लेख नको, एकच पत्ता ठेवा आणि दर सीझनला त्यातच बुकिंगची, गाडी लावायची माहिती ताजी करा. कुठल्या आठवड्यात गेंद दिसला, कधी तेरडा, सीतेची आसवं कुठल्या बाजूला होती, हे तारखेसकट लिवा. तुम्ही तासाभरात तिथं पोचता ताई, आमाला तासगावातनं आख्खा दिवस जातोय.