अँटीट्रस्ट खटल्यांसाठी आर्थिक विश्लेषक: दिवसभर नक्की करतात काय?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रात एमए झालंय, इकॉनॉमेट्रिक्स बऱ्यापैकी येतं. अमेरिकेतल्या अँटीट्रस्ट (मक्तेदारी नि संगनमताविरुद्धच्या) खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदारांना मदत करणाऱ्या एका कन्सल्टिंग कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. कामाच्या वर्णनात 'मार्केट डेफिनिशन, डॅमेजेस, लिटिगेशन सपोर्ट' एवढंच लिहिलंय. प्रत्यक्षात काम काय असतं? आणि एक खवचट प्रश्न: ज्याचे पैसे त्याच्या सोयीचा आकडा, असंच ना हे?

मोजपट्टी:
खवचट प्रश्नाकडे नंतर येते, आधी काम सांगते.

साक्ष प्रोफेसर देतात, अहवालावर सहीही त्यांचीच. पण त्यातला प्रत्येक तक्ता नि प्रत्येक तळटीप तुमच्या हातून जाते. समजा, उत्पादकांनी संगनमत करून भाव चढवले असा दावा आहे. संगनमत नसतं तर भाव काय असता? तो कुठेच लिहून ठेवलेला नसतो. त्याआधीच्या किंवा नंतरच्या काळाशी ताडून, नाहीतर ज्या मालाला झळ लागली नाही त्याच्याशी तुलना करून, कच्च्या मालाच्या किमती नि मागणी रिग्रेशनमध्ये (प्रत्येक कारणाचा परिणाम वेगळा मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) धरून तो काढायचा. प्रत्यक्ष भावातला नि त्यातला फरक गुणिले खरेदी म्हणजे ओव्हरचार्ज. अमेरिकेच्या क्लेटन या अँटीट्रस्ट कायद्याच्या चौथ्या कलमाखाली भरपाई तिप्पट मिळते, म्हणून अर्ध्या टक्क्यावरूनही हमरीतुमरी होते.

रिग्रेशन चालवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. वेळ खातो तो डेटा. प्रतिवादी कंपनीकडून बिलांची फाइल येते: लाखो ओळी, कॉलमची नावं आखडून लिहिलेली, आणि ती ज्यांनी ठरवली ते कधीच नोकरी सोडून गेलेले. त्यात उणे रकमांच्या ओळी दिसतात. नवा माणूस त्या सरळ उडवतो. पण त्यातल्या काही परत आलेल्या मालाच्या, काही रद्द झालेल्या बिलांच्या, आणि काही रिबेटच्या असतात, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकाला तिमाही संपल्यावर दिलेली सूट. नग शून्य, रक्कम उणे. ती सोडलीत तर भाव फुगतो. नोंद ज्या महिन्यात आहे त्याच महिन्यात धरलीत, तर दर तिमाहीअखेर भाव कोसळल्यासारखा दिसतो. ज्या खरेदीपोटी सूट मिळाली, तिच्यावरच ती वाटावी लागते आणि त्यासाठी बसून करार वाचावे लागतात. (हे कॉलेजात कोणी शिकवत नाही.)

एका खटल्यात आम्ही वादीकडून होतो. आलेखात एका महिन्यापासून सगळ्याच मालाचा भाव पायरीसारखा खाली उतरलेला, तोही संगनमत संपलं असं म्हणत होते त्याच सुमाराला. वकिलांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण गिऱ्हाईकवार पाहिलं तर गिऱ्हाईक जितकं लांबचं, तितकी पायरी मोठी! कंपनीने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं होतं आणि त्या महिन्यापासून वाहतूक खर्च वेगळ्या कॉलमात जात होता. मालाचा भाव जागचा हललाच नव्हता.

आता तुमचा प्रश्न. ती पायरी आम्ही झाकली असती तर? अहवालासोबत डेटा आणि कोड समोरच्या बाजूला द्यावा लागतो, आणि तिकडे तुमच्यासारखीच मंडळी तो ओळन् ओळ चालवून बघायला टपलेली असतात. मग प्रोफेसरांचं डिपॉझिशन, म्हणजे सुनावणीआधी समोरच्या वकिलांनी शपथेवर घेतलेली जबानी, नियमाने एका दिवसात 7 तासांपर्यंत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या डॉबर्ट निकालापासून पद्धत विश्वासार्ह नसेल तर न्यायाधीश साक्षच बाद करू शकतात. बाजू असते, नाही कशाला म्हणू? तुलनेला कोणता काळ घ्यायचा, इथे झुकतं माप पडतंच. पण ते समोरच्याला दिसणार असतं.

काळाकोट:
वकिलाच्या बाजूने एक भर. आकडा बरोबर असून भागत नाही, तो त्याच दाव्याचा असावा लागतो. कॉमकास्ट (केबल कंपनी) विरुद्ध बेहरेंड, 2013. फिलाडेल्फियातल्या केबल ग्राहकांनी नुकसानीची चार कारणं मांडली, कोर्टाने त्यातलं एकच पुढे जाऊ दिलं. तज्ज्ञाच्या मॉडेलमध्ये मात्र चारही कारणांचा मिळून 87 कोटी डॉलरांहून मोठा एकच आकडा. वेगळं काढायची सोयच नाही. सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 4 मतांनी ग्राहकांचा सामूहिक दावा अडला.

मोजपट्टी:
+१. म्हणूनच वकिलांनी कोर्टात दाखल केलेला दावा नीट वाचल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोडला हात लावत नाही.

रेघोट्या:
बाप रे. आणि मार्केट डेफिनिशन, म्हणजे कोणकोणता माल एकाच बाजारातला धरायचा ते? पुस्तकात 5 टक्के भाववाढीची कसोटी आहे, तेवढी लावली की झालं ना?

मोजपट्टी:
कसोटी बरोबर आहे: त्या मालाचा एकच विक्रेता असता आणि त्याने भाव साधारण 5 टक्के वाढवून तो टिकवला, तर त्याला परवडेल का? 1982 पासून अमेरिकी सरकारच्या विलीनीकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती आहे. मेख आहे ती कोणत्या भावापासून वाढवायचं यात. 1956 च्या ड्यू पाँट खटल्यात सेलोफेनमध्ये (पारदर्शक वेष्टनाच्या कागदात) कंपनीचा वाटा सुमारे 75 टक्के होता, पण सगळी लवचीक वेष्टनं धरली तर 20 टक्क्यांहून कमी. कोर्टाने हे मोठं मार्केट मानलं आणि कंपनी सुटली. अर्थतज्ज्ञ त्यावर अजून बोटं मोडतात, कारण भाव आधीच मक्तेदारीने चढवलेला असेल तर गिऱ्हाईक मेणकागदाकडेही वळणारच. विलीनीकरणात आजचा भाव बहुतेक वेळा चालतो, मक्तेदारीच्या खटल्यात तो जपून घ्यायचा.

रेघोट्या:
धन्यवाद! मुलाखतीसाठी काय करू?

मोजपट्टी:
डेटा हाताळायला स्टाटा, आर, पायथन या सॉफ्टवेअर नि भाषांपैकी एक पक्कं हवं. एखादा गचाळ डेटा देऊन सरासरी भाव काढायला सांगतील. आकडा सांगायच्या आधी कोणत्या ओळी घेतल्या, कोणत्या सोडल्या आणि का, ते सांगा. मी उमेदवारांना विचारते ते तेवढंच.